कूलर लावा, मग वैराग्याचं बोलू

प्रश्न विचारणारे गृहस्थ त्रेसष्ट वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, राहायला नागपुरात प्रतापनगरकडे. दिवाळीनंतर पत्नी कॅन्सरने गेली. शेवटचं वर्ष-दीड वर्ष तिचं सगळं त्यांनीच केलं. आता पाच महिने झाले. ते एकदाच जेवतात, चटईवर झोपतात, एप्रिल अर्धा सरला तरी कूलर लावलेला नाही. टीव्ही भाचीला देऊन टाकला. पत्नीच्या साड्या एका दुपारी गाठोडी बांधून वाटल्या, त्यावरून मुलगी बोलायची बंद झाली. आता घर मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून एखाद्या आश्रमात कायमचं राहायला जायचं म्हणतात. मुलगा म्हणतो, बाबा डिप्रेशनमध्ये आहेत. मेहुणे म्हणतात, ही वरच्या पायरीची अवस्था आहे, अडवू नका. भाऊंचा प्रश्न सरळ आहे: हे वैराग्य आहे की आजार?

भाऊ, मी वीसेक वर्षं शेवटच्या आजारातल्या माणसांच्या घरी जाते आहे. ते माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांकडेही जाते. तुमचा प्रश्न मला बरेचदा ऐकायला मिळतो, फक्त बहुतेक जण तो स्वतः विचारत नाहीत. त्यांची मुलं विचारतात. तुम्ही स्वतः विचारला, ही चांगली खूण आहे.

उत्तर देण्याआधी एक काम. कूलर लावा जी. नागपूरचा एप्रिल-मे हा तपश्चर्येचा महिना नव्हे. पारा ४४-४५ला जातो, तुम्ही बीपीची गोळी घेता, दिवसातून एकदा जेवता. वय वाढलं की तहान उशिरा लागते, काही बीपीच्या गोळ्यांनी लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं, आणि पोटात अन्न कमी. सकाळी उठताना चक्कर येते असं तुम्ही लिहिलंय, त्याचा संबंध अध्यात्माशी नाही. डॉक्टरांना दाखवा, गोळीचा डोस तपासून घ्या. कूलरच्या ताट्या बदलायला माणूस बोलवा. दोन वेळा जेवा, मध्ये ताक किंवा पन्हं घ्या.

आता कूलर का लावत नाही ते. पहिल्या परिच्छेदात तुम्ही लिहिलं की सुखसोयी सुटल्या. आणि बरंच खाली, जाता जाता, लिहिलं की तिचा शेवटचा उन्हाळा त्याच कूलरसमोर गेला, तो सुरू झाला की खोलीत तीच ओल, तोच आवाज येतो. म्हणजे कूलर तुम्हाला नको झालेला नाही. तो सोसवत नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

एक वस्तू घ्या आणि स्वतःला विचारा, ही मला लागत नाही म्हणून सोडली, की समोर आली तर जीव कासावीस होतो म्हणून? टीव्हीबद्दल तुम्ही लिहिलंय की तसाही बघत नव्हतो, बातम्यांचा कंटाळा आला होता. ठीक आहे, टीव्ही सुटला. त्यात वैराग्य आहे म्हणा, निवड आहे म्हणा, माझी हरकत नाही. पण पलंग? त्या पलंगावर ती होती. साड्या? कपाट उघडलं की वास यायचा म्हणून एका दुपारी बांधल्या. घर? दारातून आत आलं की स्वयंपाकघराचा दिवा बंद दिसतो. या गोष्टी तुम्ही सोडत नाही आहात भाऊ, त्यांच्यापासून पळता आहात. पळण्यात काही पाप नाही. पहिल्या वर्षात सगळेच थोडे पळतात. पण पळताना घराची रजिस्ट्री करू नये.

तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली ती मी दोनदा वाचली. रात्री दोनला अजून जाग येते. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते, तुमच्या फोनमध्ये सहा, दहा, दोन असे गजर लावलेले होते, आणि ते तुम्ही अजून काढलेले नाहीत. दोनला गजर वाजतो, तुम्ही बंद करता आणि सकाळपर्यंत बसून राहता. नामस्मरण होतं म्हणता. होत असेल. पण मला त्यात दीड वर्ष जागरण केलेलं एक शरीर दिसतं, ज्याला अजून कोणी सांगितलेलं नाही की ड्यूटी संपली. असं आजारपण काढलेल्या माणसांचं दुःख अचानक गेलेल्यांच्या घरच्या दुःखापेक्षा वेगळं असतं. इथे माणूस जातं आणि त्याबरोबर दिवसाचं वेळापत्रकही जातं. गोळ्या, डायपर, पातळ खिचडी, डॉक्टरांचा फोन, सगळं एका सकाळी थांबतं. हात रिकामे होतात. त्या रिकाम्या हातांना माणूस वैराग्य समजतो.

आणि एक अवघड गोष्ट, जी घरात कोणी बोलणार नाही. ती गेली तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं असेल. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. ज्यांनी असं आजारपण काढलं त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटतं, आणि जवळजवळ सगळ्यांना त्याची शरम वाटते. तुम्ही लिहिलं, ‘ती इतकी सोसत होती आणि मी पंख्याखाली बसायचो.’ चटई, एकभुक्त, उकाडा, याचा काही भाग मला प्रायश्चित्त वाटतो. कशाचं प्रायश्चित्त, भाऊ? तुम्ही दर चार तासांनी उठत होता.

दोनचा गजर काढून टाका. जाग तरी येईल काही दिवस. आली तर उठा, पाणी प्या, फोन हातात घेऊ नका, पुन्हा आडवे व्हा. सकाळी दहाचा गजर मात्र ठेवा, आणि त्या वेळी कोणासाठी तरी एक ठरलेलं काम करा. शेजारच्या आजोबांचं विजेचं बिल भरून देणं, कोपऱ्यावरच्या पोराला गणित शिकवणं, काहीही. दीड वर्ष त्या वेळी तुम्ही कोणाच्या तरी उपयोगी पडत होता, ती सवय एकदम तोडू नका.

मेहुण्यांनी तुम्हाला पायऱ्यांचं सांगितलं असेल. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, मग स्वीकार. ही पाच पायऱ्यांची मांडणी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये केली, आणि ती मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून केली होती. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटवली गेली. प्रत्यक्षात कोणी असं जिना चढत नाही. मला जास्त पटते ती १९९९ मधली स्ट्रोब आणि शुट यांची मांडणी. ते म्हणतात, माणूस दोन बाजूंमध्ये येरझारा घालतो. कधी दुःखाकडे, रडणं, आठवणी, फोटो. कधी जगण्याकडे, बँकेचं काम, गॅस सिलिंडर, भाजी. या येरझाऱ्या हेच सावरणं. तुमची मला काळजी वाटते ती यासाठी की तुम्ही दोन्ही दारं लावून घेतली आहेत. रडत नाही, कारण ‘मी त्याच्या पलीकडे गेलो’. बँकेत जात नाही, कारण ‘आता काय करायचंय’. मधल्या ओसरीवर चटई टाकून बसला आहात.

तेरवीला कोणीतरी तुम्हाला गाडगेबाबांचं वाक्य ऐकवलं, ‘ऐसे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी’, आणि तेव्हापासून तुम्ही रडला नाहीत. बाबांचं नाव घेतलं की आम्हा वऱ्हाड-नागपूरच्या लोकांचं तोंडच बंद होतं. पण ते वाक्य कोणी कोणाला म्हटलं ते बघा. कीर्तन चालू असताना स्वतःच्या मुलाच्या मृत्यूची बातमी आली, तेव्हा बाबा ते स्वतःबद्दल बोलले. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या बायकोच्या तेरवीला ते ऐकवलेलं नाही. तेरवीच्या पंगतींवर पैसा उधळणाऱ्यांना मात्र त्यांनी कीर्तनातून फार बोल लावले, ते सोयीनं कोणाला आठवत नाही. पुढच्या वेळी कोणी ते वाक्य म्हणालं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

बाबासाहेबांचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. रमाबाई २७ मे १९३५ ला गेल्या. त्या वेळी बाबासाहेब लहान मुलासारखे रडले, काही काळ त्यांनी संन्याशासारखा वेश घेतला, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. इतका बुद्धिवादी माणूस, पण बायको गेल्यावर तेही असेच खचले, सगळं टाकून द्यावंसं वाटलं. म्हणून तुमच्या वैराग्याला कोणी स्मशानवैराग्य म्हणून हसत असेल तर मला राग येतो. ते खरंच असतं. फक्त ते कायमचं आहे की नाही हे त्या दिवसांत कळत नाही. त्याच जूनमध्ये बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि १३ ऑक्टोबरला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. दीक्षाभूमीवरचा १९५६चा दिवस त्या घोषणेच्या वाटेवरचाच. वेश उतरला म्हणून दुःख खोटं ठरलं नाही.

बरं, आजार आहे का? पाच महिन्यांत मी तसं म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लांबलेला शोक हा आजार म्हणून धरला जातो, पण किमान सहा महिन्यांनंतर, आणि तोही समाजाच्या रीतीपेक्षा फार जास्त असेल तर. अमेरिकी वर्गीकरणात २०२२ पासून मोठ्या माणसांसाठी ती मुदत एक वर्ष आहे. तेव्हा मुलाला सांगा, शिक्का मारायची घाई नको. पण डिप्रेशन वेगळं, ते तिसऱ्या आठवड्यातही येऊ शकतं, आणि ते तपासायला हवं. शोकात माणूस हादरतो, पण मधूनच हसतो. नातवाचा व्हिडिओ कॉल आला की चेहरा उघडतो. डिप्रेशनमध्ये तेही आटतं. शोकात ‘ती नाही’ हे दुखतं, डिप्रेशनमध्ये ‘मी कामाचा नाही’ हे. तुम्ही लिहिलंय, ‘आता माझं इथं काय काम.’ म्हणून मी स्पष्ट विचारते, लाजू नका: मरावंसं वाटतं का? तिच्याकडे जावं असा विचार येतो का? येत असेल तर आजच मुलाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. येत नसेल तरी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. वजन किती उतरलं ते सांगा, पहाटे किती वाजता जाग येते ते सांगा. ‘वैराग्य आलंय’ हे सांगायचं तर तेही सांगा, चांगला डॉक्टर हसणार नाही.

घराबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत जे परत फिरवता येत नाही असं काही करू नका. बक्षीसपत्र हे तसलंच. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर थोडा स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. स्वस्त आहे म्हणून माणसं पटकन करतात. पण नोंदणी झाली की घर तुमचं राहत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ मध्ये बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, पण ते ‘देखभाल करीन’ या अटीवर दिलेलं असेल आणि ती पाळली गेली नसेल तर. म्हणजे मुलाविरुद्ध न्यायाधिकरणात उभं राहायचं. कोणाला हवंय ते?

शिवाय तुम्ही लिहिलं, घर दोघांच्या नावावर आहे. मग तुमच्या एकट्याचं ते नाहीच. तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल तर तिचा वाटा हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी अशा तिघांत सारखा जातो. मुलीला न विचारता साड्या वाटल्या, आता तिचा हिस्सा धरून घर वाटायला निघालात. तिचा अबोला मला समजतो.

देण्याची इच्छा खरी असेल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, आणि हयात असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. वैराग्य टिकलं तर पुढच्या वर्षी बक्षीसपत्र करायला कोणी अडवलेलं नाही. नागपुरातल्या महाल भागातल्या एक निवृत्त शिक्षिका मला आठवतात. मिस्टर गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात वाडा विकून त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. मुलगा-सून चांगली होती, काही कमी नव्हतं. पण वर्षभरानं दुःख जरा निवळल्यावर त्यांना आपली चूल, आपली गल्ली, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या, सगळं हवंसं वाटायला लागलं, आणि तिथे आता कोणाचा तरी बंगला होता.

आश्रमाचं म्हणाल तर जा, जरूर जा. पण राहून बघायला जा, कायमचं नको. इथून गांधीजींचं सेवाग्राम पाऊणशे किलोमीटर, विनोबांचं पवनार तिथून जवळच. अमरावतीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. आश्रमात शांतता मिळेल असं तुम्हाला वाटतं. शांतता असते, पण आश्रमात मुख्यतः काम असतं. घंटा, प्रार्थना, झाडणं, भाजी निवडणं, आणि ज्यांच्याशी पटत नाही अशा माणसांबरोबर पंगतीत बसणं. बापूकुटीत वस्तू मोजक्या आहेत हे सगळे बघून येतात. त्याच सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालीश करत होते, ते कमी लोक लक्षात ठेवतात. त्या साधेपणात दुसऱ्या माणसाला जागा होती. तुमच्या सध्याच्या साधेपणात मुलीला, नातवाला, शेजाऱ्यालाही जागा नाही, म्हणून मला तो अजून साधेपणा वाटत नाही. विपश्यनेबद्दलही विचारलंत. नागपूरजवळ माहुरझरीला केंद्र आहे, दहा दिवसांचं शिबिर, फी नाही, बोलणं बंद. मी त्याची विरोधक नाही. पण पाच महिन्यांच्या ताज्या दुःखात, झोप नसताना, दहा दिवस मौनात बसणं सगळ्यांना झेपत नाही. आधी झोप आणि जेवण ताळ्यावर येऊ द्या, डॉक्टरांशी बोला, आणि अर्जात तब्येतीचं खरं खरं लिहा.

कर्मकांडावर तुमचा विश्वास नाही, तेरवी लोकलाजेस्तव केली, आता वर्षश्राद्धाचं काय, असंही विचारलंत. विश्वास नसेल तर करू नका. विनोबांनी १९१८ मध्ये आईच्या अंत्यविधीला भटजी नको म्हटलं, वडिलांनी ऐकलं नाही, तर ते स्मशानात गेलेच नाहीत, घरी वाचत बसले. पण त्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती हे त्यांच्या मनातून गेलं नाही. बारा वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, त्यांनी तिच्यासारखीला कळेल अशी गीताई लिहिली. विधी टाळला तरी देणं त्यांनी टाळलं नाही, आणि त्याला मुदतही लावली नाही.

तुम्ही काय कराल? माझ्या कामात मला जे सर्वात उपयोगी पडलं ते आपल्याच मातीतलं आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या शिष्यांची अवस्था तुमच्यासारखीच होती. रिद्धपूरला जमून ते आठवणी काढायचे. त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी त्या गावोगाव फिरून, ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याला विचारून गोळा केल्या. स्वामी काय म्हणाले, काय जेवले, कुठे थांबले, इतकं बारीक. लीळाचरित्र त्यातून झालं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणतात तो. तुम्हाला ग्रंथ नको लिहायला. एक वही घ्या आणि तिच्याबद्दल लोकांना विचारा. तिची बहीण, ऑफिसातली मैत्रीण, गोकुळपेठ बाजारातली भाजीवाली. तुम्हाला माहीत असलेली बायको आणि त्यांना माहीत असलेली बाई यांत बरंच अंतर निघेल. तुमच्या डोक्यात सध्या फक्त शेवटच्या दीड वर्षातली, बिछान्यावरची ती आहे. तिच्या आधीची पस्तीस वर्षं लोकांकडे आहेत, ती मागून आणायची आहेत. ऐकताना रडू येईल. येऊ द्या.

हे काम मुलीबरोबर करा. तिला फोन करताना ‘मी तुझ्या आईच्या साड्या वाटायला नको होत्या’ एवढंच म्हणा, कारणं सांगू नका, वैराग्य तर मुळीच नाही. ज्यांना साड्या दिल्या त्यांच्याकडून एखाद-दोन परत मागायला लाजू नका. लोक देतात. उलट त्यांनाच घडी मोडायला संकोच वाटत असतो. अक्षय तृतीया तोंडावर आहे. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. विश्वास नसला तरी मुलीला त्या निमित्तानं बोलवा, घागर कुंभारवाड्यातून दोघं मिळून आणा. स्वयंपाक काय करायचा ते तिला ठरवू द्या, आणि त्या दिवशी तरी दोन वेळा जेवा. मृत्युपत्राचा विषय तेव्हा काढू नका, तो मे संपल्यावर, दोन्ही मुलं समोर असताना. तोवर डॉक्टरांनी काय सांगितलं, वजन किती आहे आणि रात्री सलग किती तास झोप लागते, एवढं मला कळवा. आश्रमाच्या तारखांचं मग बघू.